मोठ्या शहराची पहिली सहल: आखणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतलं कुणी पहिल्यांदा एखाद्या मोठ्या शहरात फिरायला निघालं की मला फोन येतो, आणि गंमत म्हणजे शहर कुठलंही असो, प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे. उदाहरणांत लंडन, पॅरिस, टोकियो, इस्तंबूल ही नावं येतील, पण युक्ती कुठल्याही मोठ्या शहराला लागू पडते.

किती दिवस पुरतील?

तीन पूर्ण दिवस असतील तर पहिल्या भेटीला शहराची बऱ्यापैकी ओळख होते. चार असतील तर दम खात होते. ‘पूर्ण’ या शब्दावर जोर आहे. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरायचा नाही. तीन रात्रींचं बुकिंग म्हणजे हातात दोनच दिवस, हा हिशोब बरेच जण विसरतात आणि मग तिसऱ्या दिवसाची ठिकाणं दुसऱ्या दिवशी कोंबत बसतात.

चाळीस ठिकाणांची यादी झाली आहे. आता काय करू?

यादी बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. चाळीसच्या चाळीस ठिकाणं फोनवरच्या नकाशात खुणा करून टाका. मग नकाशा इतका लहान करा की संपूर्ण शहर एका नजरेत येईल. दिसेल ते असं: दोन-तीन जागी खुणांचे घोस लटकलेले असतील, आणि सात-आठ खुणा लांब कुठेतरी एकेकट्या पडलेल्या असतील. तुमची सहल म्हणजे ते घोस. एका घोसाला एक अर्धा दिवस.

इस्तंबूलचं बघा. आया सोफिया, निळी मशीद, जमिनीखालचं पाण्याचं जुनं टाकं बॅसिलिका सिस्टर्न आणि तोपकापी राजवाडा ही चार मोठी नावं एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत. यादीत ती १, ७, १२ आणि २३ क्रमांकावर असतील, तर यादीच्या क्रमाने जाणारा माणूस त्याच चौकात चार वेळा येईल. हे वाचायला विनोदी वाटतं, पण ‘पहिल्या दिवशी टॉप पाच, दुसऱ्या दिवशी पुढचे पाच’ अशी आखणी करणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांचा निम्मा दिवस भुयारी रेल्वेत जातो आणि घरी आल्यावर ते म्हणतात, शहर फार पसरलेलं आहे हो!

एकेकट्या खुणांचं काय? प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: फक्त हिच्यासाठी जाऊन-येऊन तीन तास देशील का? मनापासून ‘हो’ आलं तर ठेवा. ‘तिथे गेलोच आहोत तर...’ असं उत्तर आलं तर खोडा. माझ्या अनुभवात आठातली एखादीच टिकते.

एका दिवसात किती ठिकाणं बसतात?

आत जाऊन बघण्याचं एक मोठं, आत जाऊन बघण्याचं एक लहान, आणि बाहेरून बघत फिरायचं जे काय मिळेल ते. बस.

आकडे मांडून बघा. सकाळी नऊला बाहेर पडलात आणि संध्याकाळी सहाला पाय बोलायला लागले, म्हणजे नऊ तास. जेवणाचा आणि मधे दोनदा टेकण्याचा मिळून दीड तास गेला. मोठ्या म्युझियमला किंवा राजवाड्याला सुरक्षा तपासणी, सामान ठेवणं, स्वच्छतागृह धरून तीन तास. लहान ठिकाणाला सव्वा तास. जाण्या-येण्याला आणि एकदा तरी चुकीच्या दिशेने चालण्याला दीड तास. उरले पावणेदोन तास. हे पावणेदोन तास रिकामेच ठेवायचे असतात. गल्लीत दिसलेलं काहीतरी बघायला, पाऊस आला तर थांबायला, किंवा नुसतं बाकावर बसायला. सहलीनंतर लोक सांगतात त्या गोष्टी बहुतेक याच तासांतल्या असतात.

दिवसांचा क्रम कसा लावायचा?

आधी सुट्टीचे वार. ही एक गोष्ट तरी निघण्यापूर्वी तपासाच. पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं, पण त्याच पॅरिसचं ओर्से म्युझियम सोमवारी. व्हॅटिकनची म्युझियम रविवारी बंद, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून. तोपकापी मंगळवारी बंद, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन बुधवारी. सोमवार हा तर जगभरातल्या कितीतरी म्युझियमचा सुट्टीचा वार. प्रार्थनास्थळं प्रार्थनेच्या वेळी पाहुण्यांना बंद असतात, तेव्हा शुक्रवारी दुपारी मशीद आणि रविवारी सकाळी चर्च टाळलेलं बरं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका राजधानीत मी ट्राम बदलून बदलून पाऊण तासाने म्युझियमच्या दाराशी पोचलो. काचेपलीकडे एक माणूस लांब दांड्याचं पोतेरं फिरवत होता. त्याने मला पाहिलं, पोतेरं भिंतीला टेकवलं आणि बोटानेच दारावरची पाटी दाखवली. सोमवार. माझ्या शेजारी आणखी सहा जण उभे होते, आणि सातहीजणांच्या खिशातल्या फोनमध्ये ही माहिती होती.

बंद वार लावून झाले की उशिरापर्यंत उघडे असणारे वार शोधा, ही उलटी बाजू कुणी बघत नाही. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, लंडनचं ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत. संध्याकाळी सहानंतर सहलीच्या बसेस गेलेल्या असतात, आणि दिवसाचा उजेड तुम्ही बाहेर फिरण्यात वापरलेला असतो.

उजेडावरून आठवलं: सूर्यास्ताची वेळ बघा. लंडनमध्ये डिसेंबरअखेर दुपारी चारच्या आसपास मावळतं आणि जूनअखेर रात्री नऊनंतर. एकाच शहरातला एकच कार्यक्रम या दोन महिन्यांत सारखा चालणार नाही. हिवाळ्यात आधी बाहेरची ठिकाणं, अंधारल्यावर आतली.

कशाचं बुकिंग आधी करायचं?

जिथे वेळेचं तिकीट आहे त्याचं. रोमचं कोलोसियम, बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया चर्च इथे ठरावीक वेळेचंच तिकीट असतं आणि चांगल्या वेळा आधी संपतात. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराचं तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं, दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांचं. बर्लिनच्या संसदेच्या काचेच्या घुमटावर जायला पैसे पडत नाहीत, पण नाव आधी नोंदवावं लागतं. फुकट आहे म्हणून आयत्या वेळी गेलेल्यांची तिथे पंचाईत होते.

एका दिवसात वेळेचं तिकीट एकच घ्या. दोन घेतलीत की दिवसभर घड्याळाचे गुलाम. आणि ते शक्यतो सकाळचं पहिलं घ्या, कारण उशीर होण्याची सगळी कारणं दिवस चढेल तशी गोळा होत जातात.

मुक्काम अगदी मध्यवर्ती हवा का?

मध्यवर्ती नको, स्टेशनाजवळ हवा. शहराच्या मधोमध पण स्टेशनापासून वीस मिनिटं चालत असलेल्या हॉटेलापेक्षा, चार स्टेशनं लांब पण स्टेशनाला खेटून असलेलं बरं. स्टेशनही असं बघा की जिथून तुमचे दोन तरी घोस गाडी न बदलता गाठता येतील. टोकियोत यामानोते नावाची वर्तुळाकार लाइन आहे. साडेचौतीस किलोमीटर, तीस स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण तास. पहिल्यांदा जाणाऱ्याने या वर्तुळावरचं कुठलंही स्टेशन धरावं, फार चुकत नाही. आपल्या शहरात अशी कण्यासारखी लाइन कोणती ते शोधायला दहा मिनिटं लागतात.

बुकिंग करण्याआधी एक परीक्षा: रात्री अकराला स्टेशनावर उतरून तो रस्ता चालत जायला आवडेल का? नकाशातल्या रस्त्याच्या फोटोंत ते बऱ्यापैकी कळतं.

स्वस्त विमान मिळतंय, घेऊ का?

विमानतळाचं नाव नीट वाचून मग. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून रस्त्याने सुमारे ८५ किलोमीटर आहे. टोकियोचा नारिता साधारण ६० किलोमीटर, तर हानेदा १५च्या आसपास. वाचलेले पैसे आणि गेलेला अर्धा दिवस शेजारी शेजारी लिहा, उत्तर आपोआप येईल.

मेट्रोने फिरायचं की चालत?

घोसापर्यंत मेट्रो, घोसाच्या आत पाय.

इथे मेट्रोचा नकाशा दगा देतो, हे माहीत असलेलं बरं. लंडनचा तो प्रसिद्ध सरळ रेषांचा नकाशा हॅरी बेक यांचा. ते विजेच्या जोडण्यांची रेखाटनं करणारे होते, आणि १९३३मध्ये छापलेल्या त्यांच्या नकाशात त्यांनी खऱ्या अंतरांना सरळ फाटा दिला. गाडी कुठे बदलायची एवढंच प्रवाशाला हवं असतं, हा त्यांचा विचार. पुढे जगभरच्या मेट्रोंनी हीच रीत उचलली. पण परिणाम असा की लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं नकाशात इतरांसारखीच लांब दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात सुमारे २६० मीटर आहेत. फलाटापर्यंत खाली उतरून परत वर येईपर्यंत चालणारा माणूस पोचून दुकानं बघत असतो. म्हणून मेट्रोत शिरण्याआधी खरा नकाशा बघायची सवय लावा. दोन स्टेशनांपर्यंतचं अंतर बहुधा चालायचंच असतं.

शहराची क्रमांकाची पद्धत कळली तर आणखी सोपं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात उत्तर-दक्षिण चालताना वीस रस्ते म्हणजे एक मैल, दीड किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. ३४व्या रस्त्यावरून ५९व्यापर्यंत, म्हणजे एम्पायर स्टेट इमारतीपासून सेंट्रल पार्कच्या कडेपर्यंत, दोनेक किलोमीटर. मात्र आडवं जाताना फसू नका, ॲव्हेन्यूंमधली अंतरं बरीच मोठी आहेत. पॅरिसचे वीस विभाग मधून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखे बाहेर फिरत जातात, आणि पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभागाचा क्रमांक. ७५००५ म्हणजे पाचवा, मध्याजवळ. ७५०१९ म्हणजे एकोणिसावा, कडेला. हॉटेलचा पत्ता वाचतानाच समजतं.

प्रवासाचं कार्ड, पास, तिकीट... काय घ्यावं?

आधी बघा की शहरात दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे का. लंडनमध्ये बँकेचं कार्ड टेकवून कितीही फिरा, ठरावीक रकमेनंतर त्या दिवशी आणखी पैसे कापले जात नाहीत. अशा ठिकाणी दिवसाचा पास घेण्याची गरज सहसा उरत नाही. दोन बारीक गोष्टी मात्र लक्षात ठेवा. कार्ड आणि त्याच कार्डाचा फोन ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत, तेव्हा सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं केलंत तर मर्यादा जुळत नाही. आणि मेट्रोत चढताना-उतरताना दोन्हीकडे कार्ड टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. बाहेर पडताना विसरलात तर जास्त पैसे कापले जातात. इतर शहरांत नियम वेगळे असतील, पण विचारायचे प्रश्न हेच.

सगळी ठिकाणं एकाच पासात बघा, असा सिटी पास घ्यावा का?

तुमच्या ठरलेल्या ठिकाणांच्या सुट्या तिकिटांची बेरीज करा. पास त्याहून स्वस्त असेल तरच घ्या. चूक उलट होते: आधी पास घेतला जातो, मग तो वसूल करायला लोक मेणाच्या पुतळ्यांपासून मत्स्यालयापर्यंत धावत सुटतात. पास असूनही वेळ वेगळी नोंदवावी लागते का, हेही बारीक अक्षरांत बघून घ्या.

ती उघड्या टपाची, कुठेही चढा-उतराची बस?

चालण्याचा त्रास असलेल्यांना उत्तम. बाकीच्यांनी आधी साधी बस शोधावी. बर्लिनची १०० नंबरची बस झू स्टेशनापासून अलेक्झांडरप्लात्झकडे जाताना विजयस्तंभ, संसद, ब्रांडेनबुर्ग दरवाजाचा परिसर असं सगळं दाखवत जाते, साध्या तिकिटात. पाणी असलेल्या शहरात तर फेरीबोटच. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी १९९७पासून फुकट आहे, २५ मिनिटांच्या वाटेवर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो. हाँगकाँगमध्ये स्टार फेरी आहे, इस्तंबूलमध्ये युरोपातून आशियात नेणाऱ्या बोटी. हे सगळं रोज कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि म्हणूनच मला ते जास्त आवडतं.

मोठं म्युझियम दोन-तीन तासांत कसं ‘उरकायचं’?

उरकायचं नाहीच. लूव्रमध्ये एका वेळी ३० हजारांहून जास्त वस्तू मांडलेल्या असतात. एकेकीला दहा सेकंद दिले तरी न थांबता जवळजवळ साडेतीन दिवस-रात्री लागतील. तेव्हा घरी बसूनच पाच-सहा वस्तू निवडा, त्यांची दालनं कागदावर लिहा आणि तेवढ्या बघा. वाटेत जे दिसेल ते वरकमाई.

म्युझियममध्ये माणूस बागेपेक्षा लवकर का थकतो, यावर बोस्टनच्या म्युझियममधले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६मध्ये लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला कपाटातल्या वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले: वाकलेला, मान तिरपी, जवळजवळ उकिडवा. थकवा या वाकण्या-ताणण्याचा आहे, असं त्यांचं म्हणणं. मांडणी पुढे सुधारली, पाय मात्र तसेच दुखतात. दर पाऊण तासाला बाक शोधा.

आणि मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे, हे आधीच सांगतो. तिच्यापुढच्या गर्दीत उभं राहून ‘एवढीशी?’ म्हणणारे खूप. त्याच दालनात समोरच्या भिंतीवर इटालियन चित्रकार व्हेरोनेझेचं, बायबलमधल्या काना गावातल्या लग्नाचं अवाढव्य चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते.

उंचावरून शहर बघायला कुठे चढावं?

ज्या इमारतीचा फोटो हवा आहे, तिच्यावर नको. आयफेल टॉवरवरून दिसणाऱ्या पॅरिसमध्ये आयफेल टॉवर नसतो. २८४ पायऱ्या चढून विजयकमानीच्या छतावर गेलात तर तो समोर दिसतो, आणि पायाखालून चौफेर फुटणारे बारा रस्तेही. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बघायला रॉकफेलर सेंटरच्या गच्चीवर जा. हे पहिल्या दिवशी करावं. वरून एकदा बघितलं की दिशांचं भान पुढचे सगळे दिवस टिकतं.

पोचल्या दिवशी काय करावं?

तिकिटाचं काही नाही. सामान टाका आणि उजेडात चाला. वेळेचा फरक मोठा असेल तर शरीर दिवसाला साधारण तासभर जुळवून घेतं, आणि पूर्वेकडे गेल्यावर जास्त कुरकुरतं. पश्चिमेकडे गेलात तर पहाटे चारला टक्क जाग येईल. चिडू नका, सहा वाजता रिकाम्या चौकात फोटो काढा. मेक्सिको सिटीसारख्या २,२४० मीटर उंचीवरच्या शहरात पहिल्या दिवशी जिने चढताना धाप लागते, तिथे आणखी सावकाश.

बरोबर वयस्क आई-वडील किंवा लहान मुलं आहेत.

वरच्या हिशोबातून लहान ठिकाण काढून टाका आणि दुपारी दोन तास मुक्कामावर परतायचं धरा. म्हणजे मुक्काम पहिल्या घोसाजवळ हवा, इथे स्टेशनाचा नियम मी मोडतो. लिफ्ट असलेली स्टेशनं आधी बघून ठेवा. जुन्या मेट्रोंत, पॅरिसच्या तर विशेषच, बरीच स्टेशनं फक्त जिन्यांची आहेत. तिथे बस बरी.

पाऊस आला तर?

घोसांची अदलाबदल. म्हणूनच वेळेचं तिकीट दिवसाला एक.

आखणी कागदावर किती बारीक लिहावी?

माझ्याकडे दर दिवसाला पोस्टकार्डाएवढा एक कागद असतो. वर घोसाचं नाव. त्याखाली वेळेच्या तिकिटाची वेळ आणि दाराचं नाव, कारण मोठ्या ठिकाणांना तीन-चार दारं असतात आणि तुमच्या तिकिटाचं दार नेमकं पलीकडच्या बाजूला असतं. मग त्या भागातली चार-पाच ठिकाणं, क्रमाशिवाय. सगळ्यात खाली शेवटच्या मेट्रोची वेळ. टोकियोत ती मध्यरात्रीच्या सुमाराला संपते, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत टॅक्सी किंवा पाय. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, नेट नसताना चालेल असा. कागद खिशात, कारण फोनची बॅटरी दुपारी चारला मान टाकते.

शेवटच्या दिवशी दुपारचं विमान आहे, सामानाचं काय?

खोली सोडल्यावरही हॉटेलं बॅग ठेवून घेतात, मोठ्या स्टेशनांवर लॉकर असतात. पण बॅग हॉटेलात ठेवलीत तर फिरणंही हॉटेलाच्या आसपासच ठेवा. शहराच्या दुसऱ्या टोकाहून बॅग घ्यायला परत येऊन मग विमानतळ गाठणं म्हणजे पुन्हा तीच उलटसुलट पायपीट. मी त्या सकाळसाठी पहिल्याच दिवशी एक बाग किंवा नदीकाठ राखून ठेवतो, मुक्कामापासून दहा मिनिटांवरचा.